घड्याळातल्या कॅलरी



आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज सकाळी आकडे येतात. कुणी ३८० कॅलरी जाळतं, कुणी ५२०. खाली अंगठ्यांची रांग. आज त्या आकड्यांबद्दलच बोलतो. (सर समोर बसलेत म्हणून सांगतो, आपण कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी.)

घड्याळ कॅलरी मोजत नाही, अंदाज करतं. ऊर्जा नीट मोजायची तर तोंडावर मुखवटा लावून शरीर किती प्राणवायू वापरतं ते पाहावं लागतं. एका लिटरमागे साधारण ५ कॅलरी. घड्याळाकडे असतं काय? नाडी, हाताची हालचाल आणि आपण भरलेलं वय-वजन. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. सहांनी नाडी चांगली मोजली, चूक ५ टक्क्यांच्या आत. कॅलरींमध्ये मात्र सर्वांत बऱ्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती, सर्वांत वाईटाची ९३.

आपल्या वयात आणखी एक भानगड आहे. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल, तर नाडी फार चढत नाही. घाम निघतो, दम लागतो, पण घड्याळाला वाटतं गडी आरामात आहे. आकडा वाढावा म्हणून अशा माणसाने जोर लावून पळू नये. आपल्यात अशा गोळ्या घेणारे बरेच असतील, म्हणून मुद्दाम सांगतो.

कागदावरचा हिशोब सोपा आहे. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ कॅलरी वापरतो. ताशी पाच किलोमीटरने चालताना त्याच्या साधारण साडेतीनपट. म्हणजे ७० किलोच्या माणसाला तासाला २४५. पण त्यातल्या ७० घरी पेपर वाचतानाही गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १७५. हाही अंदाजच, पण कशातून आला ते तरी कळतं. एक वडापाव सहज ३०० च्या घरात जातो. तेव्हा 'आज ५२० झाल्या, दोन चालतील' हा ग्रुपवरचा हिशोब जमत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर तो मुळीच करू नये.

वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. असं आठवड्यात दीडशे मिनिटं चाला. उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर जमतो आहोत, बाईही येणार आहेत. बोलायला विषय भरपूर आहेत.