परिचय म्हणजे वशिला नव्हे



मराठी मध्यमवर्गीय घराने एक संस्कार पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. कुणाची ओळख सांगून काम साधायचे नाही. अंगी गुण असतील तर जग आपणहून दाराशी येईल. या संस्कारातील स्वाभिमान वंदनीयच आहे. परंतु त्याच्या सावलीत एक गैरसमजही वाढला. वशिला आणि परिचय यांत आपण भेद करेनासे झालो. पात्रता नसताना दुसऱ्याच्या वजनाने जागा मिळवणे हा वशिला. आपली पात्रता जेथे उपयोगी पडेल तेथवर तिची वार्ता पोचवणे हा परिचय. पहिल्याची लाज वाटलीच पाहिजे. दुसऱ्याची वाटू लागली, की भोसरीचा किंवा इचलकरंजीचा उत्तम कारागीर वर्षानुवर्षे एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर राहतो, आणि त्या गिऱ्हाइकाने पुरवठादार बदलला की कारखान्याच्या दाराला कुलूप लागते. मुलगा नोकरी शोधू लागतो, वीस कामगारांची घरे उघडी पडतात.

बंगळुरूला भरणाऱ्या ‘इमटेक्स’सारख्या यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनात हे चित्र पाहायला मिळते. जागेचे भाडे भरलेले, नमुने नीट मांडलेले. पण मालक, त्यांचे मेहुणे आणि गावाकडचे दोन स्नेही आपसांत गप्पा मारत बसलेले. परतताना व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा रबरबँड लावून बॅगेत, आणि तेथून थेट खणात. यंत्रावर एक सूत इकडचे तिकडे होऊ न देणारा माणूस येथे एवढा बेफिकीर का व्हावा?

निकटच्या माणसांत रमणे स्वाभाविक असले, तरी नवी वार्ता तेथून येत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका निबंधात हे दाखवून दिले. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात परिचितांमार्फत नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून वार्ता कळली तो तुम्हांला कितीदा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्याचे नाव सांगणारे जेमतेम १७ टक्के होते. कधीमधी भेटणाऱ्याचे नाव सांगणारे ५५ टक्क्यांहून अधिक आणि क्वचितच भेटणाऱ्याचे नाव सांगणारे २७ टक्क्यांहून अधिक. कारण साधे आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. अर्धओळखीचा माणूस मात्र दुसऱ्या वर्तुळातला असतो.

या अर्धओळखीच्या माणसांना धरून ठेवण्याचे साधन पूर्वी नव्हते. २००३ साली लिंक्डइन सुरू झाले ते नेमके यासाठी. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते सुमारे २६ अब्ज डॉलरना विकत घेतले. (आपण ज्याला ‘नुसत्या ओळखीपाळखी’ म्हणतो त्यांचे बाजारातले मोल हे असे!) परिषदांच्या बाबतीतही असेच घडले. मार्च २००७ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ मेळाव्यात ट्विटरने वाटेवर मोठे पडदे लावले. कोणत्या दालनात काय चालले आहे याचे संदेश त्यांवर झळकू लागले आणि दिवसाकाठी वीस हजारांवर असलेली संदेशांची संख्या साठ हजारांवर गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना यांनी एका विषयाचे संदेश ओळखू यावेत म्हणून शब्दामागे हॅशचे चिन्ह लावण्याची सूचना केली. आज प्रत्येक परिषदेच्या फलकावर ते चिन्ह असते. ट्विटरचे नाव मात्र २०२३ साली पुसले गेले आणि ते ‘एक्स’ झाले.

येथे सावधही राहिले पाहिजे. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दोन कोटींहून अधिक लिंक्डइन सदस्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. कुणाला कुणाची ओळख सुचवायची, याचे गणित वेगवेगळ्या सदस्यांसाठी वेगवेगळे ठेवून परिणाम तपासण्यात आले होते. फार दूरच्या नव्हे, तर मध्यम अंतरावरच्या ओळखी नोकरीसाठी सर्वांत उपयोगी ठरल्या. शिवाय जेथे संगणकीय साधनांचा वापर कमी, अशा उद्योगांत दृढ संबंधच अधिक कामी आले. ओतकाम करणाऱ्या आपल्या कारखानदाराने याचा अर्थ नीट लावावा. पडद्यावरची ओळख हे त्याच्यासाठी केवळ दार आहे. गिऱ्हाइकाला शॉपफ्लोअरवर आणून चहा पाजण्याला पर्याय नाही. आणखी एक गोष्ट. या प्रयोगात आपण आहोत, हे त्या सदस्यांना वेगळे कळवलेले नव्हते. आपल्या ओळखी कोण ठरवतो आहे, याचे भान सुटू देऊ नये.

प्रसिद्धीचा मोह त्याहून घातक. पैसे टाकून विकत घेतलेले ‘फॉलोअर’ एकही ऑर्डर देत नाहीत. उत्साहाच्या भरात गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलेल्या सुट्या भागाचे छायाचित्र टाकले जाते. त्याने गोपनीयतेचा करार मोडतो आणि अनेक वर्षांचा विश्वास एका दुपारी संपतो. मग टाकावे काय? उत्तर आपल्याच मातीत आहे. लोखंडी नांगराने जमीन नासते असा समज असलेल्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर विकले, आणि १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याचे ते गृहपत्र वाचकाला उपयोगी माहिती देत गेले आणि पुढे घरोघरी वाचले जाणारे मासिक झाले. कोणत्या पोलादाला कोणती उष्णताप्रक्रिया मानवते, हे आपल्या अनुभवातून चार ओळींत सांगणारा उद्योजक आज तेच काम करीत असतो.

प्रदर्शनापूर्वी सहभागी कंपन्यांची यादी घ्यावी, त्यांतील दहाजण निवडावेत, त्यांना आधी दोन ओळींचा संदेश धाडावा. भेट झाली की त्याच संध्याकाळी कार्डाच्या मागे बोलण्यातला एक मुद्दा टिपावा आणि आठवड्याच्या आत त्याच मुद्द्याची आठवण देऊन पत्र पाठवावे. इंग्रजी अडखळत असेल तर मालकाने मराठीत सांगावे आणि घरातल्या लेकीने किंवा सुनेने लिहावे. पुष्कळ घरांत हिशेब त्याच पाहतात. गिऱ्हाइकाशी बोलण्याची संधीही त्यांना मिळाली, तर कामाची बोलणी दोघांमध्ये वाटली जातील.