शिंगवाले डायनासोर आणि मागे हटलेला समुद्र



भोर-वेल्ह्याच्या श्रोत्यांपुढे डायनासोरांविषयी बोलायचे, तर पहिली अडचण पायाखालीच आहे. राजगड-तोरण्याचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. हाडे जपतो तो गाळ. तप्त रसात ती कोठली टिकायला! तेव्हा नांगराला अडलेला, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा वाटोळा धोंडा कोणी अंडे म्हणून आमच्याकडे आणू नये. हा कातळ झिजतोच तसा. हाडे हवी असतील तर चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला जावे. नर्मदाकाठचा, २००३ साली नाव मिळालेला राजासॉरस माथी शिंग मिरवी खरा. पण तो मांसाहारी, आजच्या कथेतल्या कुळाचा नव्हे.

ते कुळ ट्रायसेराटॉप्सचे, पाला खाणारे, मुख्यतः उत्तर अमेरिकेतले. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्याहून पुष्कळ उष्ण होती आणि समुद्र पुष्कळ उंच. पाणी आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत शिरले आणि खंड दुभंगला. पश्चिमेस, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये, आपल्या कोकणासारखी चिंचोळी पट्टी उरली. लांबी मात्र अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत. सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी याच पट्टीत शिंगवाल्यांच्या जातींना ऊत आला. युटातल्या कॉस्मोसेराटॉप्सच्या डोक्यावर लहानमोठी १५ शिंगे. अल्बर्टातल्या भाईबंदांचा थाट निराळा. धड बहुतेक सारखे, फरक शिरोभूषणात! कळप एकमेकांपासून तुटले, आणि जोडीदार ओळखण्याच्या खुणा ज्याच्या त्याच्या वाटेने बदलत गेल्या, असे पुष्कळांचे मत. पुढे समुद्र ओसरला, जमीन रुंदावली, आणि अखेरीस दूरवर दिसतात ते ट्रायसेराटॉप्स व त्याचे थोडके सोयरे.

गोष्ट मोठी सुबक आहे, म्हणूनच जपून घ्यावी. युटाचे थर आणि अल्बर्टाचे थर नेमके समकालीन आहेत काय? नसतील, तर ज्यांना आम्ही शेजारी म्हणतो ते आजोबा-नातू ठरतील. शिवाय पट्टीला आडवी तोडणारी भिंत कोणती, हे कोणी पटेल असे दाखविलेले नाही. समुद्राने पट्टी अरुंद केली हे आम्ही निःशंक मानतो. प्रत्येक शिंगाचे श्रेय त्याला द्यायला आम्ही तयार नाही.

शिवाय, २०१० साली चीनच्या शांतुंग प्रांतातून सिनोसेराटॉप्सची कवटी जाहीर झाली. म्हणजे ही मंडळी उत्तरेच्या भूमार्गाने खंड ओलांडीत होती. मग इतके चालणारे प्राणी युटा ते अल्बर्टा का चालले नसतील?