विंचवाचे विष आणि शरीरातली कुलपे

सुप्या-मोरगावच्या माळावर दगड उलथताना किंवा इंदापूरकडे उसाचं पाचट उचलताना हात जपून घालावा, हे तुम्हांला मी काय सांगणार? पण एवढासा लाल विंचू धडधाकट पोराला मरणाच्या दारी कसा नेतो, आणि लहानशी गोळी त्याला परत कशी आणते, हे मात्र ऐकण्याजोगे आहे. मी डॉक्टर नव्हे, एम. ए. झालेला मास्तर, तेव्हा सोप्या बोलीतच सांगतो.

आपल्या पेशींवर सूक्ष्म कुलपे असतात. शरीरातली द्रव्ये ह्या त्यांच्या किल्ल्या. औषध एकतर किल्लीसारखे कुलूप उघडते, नाहीतर त्यात अडकून बसते आणि खऱ्या किल्लीला वाट देत नाही.

अफूचंच घ्या ना. तिच्यातले मॉर्फीन वेदना शमवणारी कुलपे उघडते. दुखणं निवतं खरं. पण तशीच कुलपे मेंदूत श्वास चालवणाऱ्या जागीही आहेत! म्हणून अफू जास्त झाली की श्वास मंदावतो, थांबतोही. नॅलॉक्सोन हे औषध मॉर्फीनला तिथून हुसकावून स्वतः जागा अडवते.

अ‍ॅड्रिनॅलिनची कुलपे दोन जातींची, हे 1948 साली अमेरिकेच्या अल्क्विस्ट यांनी दाखवले. अल्फा कुलपे रक्तवाहिन्या आवळतात. बीटा हृदयाला दामटतात आणि श्वासनलिका मोकळ्या करतात. म्हणूनच हृदयासाठीची बीटा बंद करणारी गोळी दमेकऱ्याला बाधू शकते. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये, ती यासाठी!

आता विंचू. त्याच्या विषाने अशा किल्ल्यांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते. मग बीटाच बंद केली तर? थकलेले हृदय आणखी ढिले पडेल, वाहिन्या मात्र आवळलेल्याच राहतील. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी 1980 नंतरच्या दशकात अल्फा कुलूप अडवणारे प्राझोसिन वापरले. पूर्वी गंभीर रोग्यांत शंभरांत सुमारे 30 दगावत. ते प्रमाण चारांच्या खाली आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा, मंडळी, विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर मंत्र घालणाऱ्याकडे वेळ दवडू नका. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. तडक दवाखाना गाठा. कुलूप ठाऊक आहे, किल्लीही ठाऊक आहे. प्रश्न उरतो तो वेळेवर पोचण्याचा.