कारखान्यांच्या पट्ट्यातून मावळ-जुन्नरकडे: एका दिवसाच्या सहलींची आखणी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याची ओळख आज मुख्यतः कारखान्यांवरून होते, आणि १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून येथे उद्योग वाढत गेल्यावर पोटापाण्यासाठी आलेल्या असंख्य कुटुंबांनी या भूमीकडे कामाचे ठिकाण म्हणूनच पाहिले आहे. वस्तुतः कोकणातून देशावर चढणाऱ्या दोन प्राचीन वाटा, म्हणजे मावळात पोहोचणारा बोरघाट आणि जुन्नरकडे नेणारा नाणेघाट, या पट्ट्यापासून एका दिवसात जाऊन परतण्याजोग्या अंतरावर आहेत, आणि त्या वाटांच्या आधाराने कोरलेली लेणी, बांधलेले किल्ले व वसलेली तीर्थक्षेत्रे हा या परिसराचा मोठा ठेवा आहे. तो समजून पाहायचा असेल, तर सहलीची आखणी प्रसिद्ध स्थळांच्या यादीवरून न करता नदीचे खोरे आणि जुनी वाट यांच्या आधारे करणे अधिक फलदायी ठरते.

फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात हीच पद्धत रूढ आहे. इ.स. २००० मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या खोऱ्यात प्रवासी तूर किंवा आंब्वाझ अशा एका गावी मुक्काम करतात आणि तेथून रोज नदीकाठचे एक-दोन राजवाडे पाहून परततात. त्यामुळे प्रत्येक वास्तू सुटी न दिसता नदी, राजसत्ता आणि शेती यांच्या संबंधात दिसते. चिंचवड किंवा चाकण येथे राहणाऱ्या कुटुंबाला तर मुक्कामाची वेगळी सोयही करावी लागत नाही, कारण त्याचे घर हाच अशा सहलींचा मध्यबिंदू असतो.

आखणीपूर्वी येथील भूमीची घडण जाणून घेणे उपयोगी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यांपासून बेसाल्ट हा काळा, घट्ट खडक तयार झाला. या आडव्या थरांची झीज सर्वत्र सारखी न झाल्यामुळे डोंगरांना उभे कडे आणि सपाट माथे लाभले. सलग व मजबूत थरांत लेणी कोरता आली, तर कड्यांनी वेढलेल्या माथ्यांवर थोड्या तटबंदीत दुर्ग उभे राहिले. म्हणूनच भाजे लेण्यांवर विसापूरचा किल्ला आणि लेण्याद्रीसमोर शिवनेरी असा लेणे व दुर्ग यांचा शेजार येथे पुन्हा पुन्हा आढळतो.

दुसरी विचारात घेण्याची गोष्ट म्हणजे वेळ. पुणे परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि जी स्थळे रविवारी गर्दीने भरून जातात ती गुरुवारी शांतपणे पाहता येतात, हा येथील कामगार कुटुंबांचा मोठा लाभ आहे. मात्र पाळी बदलण्याच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात आणि पुणे-नाशिक महामार्गावर वाहनांच्या रांगा लागतात. म्हणून सकाळच्या पाळीच्या बसगाड्या रस्त्यावर येण्याआधी निघावे आणि परतीची वेळही पाळ्या पाहूनच ठरवावी.

पहिली सहल अगदी जवळची असावी आणि तिचा आरंभ चाकणच्या संग्रामदुर्गापासून व्हावा. हा भुईकोट, म्हणजे डोंगराच्या आधाराविना सपाट जमिनीवर खंदक व तट यांच्या बळावर उभारलेला किल्ला आहे. १६६० साली मोगल सरदार शाइस्ताखानाने पुण्यात तळ दिल्यावर अहमदनगरकडून येणाऱ्या रसदीच्या वाटेजवळचे हे ठाणे त्याला आपल्या हाती हवे होते, आणि ऐन पावसाळ्यात किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी, म्हणजे किल्ल्यावरील थोड्या सैनिकांसह, मोगलांच्या प्रचंड फौजेला सुमारे दोन महिने थोपवून धरले. अखेर भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवल्यावरच किल्ला पडला. आज वस्तीच्या गराड्यात तटाचे व बुरुजांचे काही भाग तेवढे उरले आहेत. तरीही सपाटीवरील किल्ल्याला बळ कशाने येते आणि त्याची मर्यादा कोणती, हे तेथे जितके स्पष्ट होते तितके डोंगरी किल्ल्यावर होत नाही.

चाकणहून पश्चिमेकडे गेल्यास औद्योगिक वसाहतीला लागून भामचंद्र डोंगर आणि पुढे तळेगाव रस्त्याजवळ इंदोरीनजीक भंडारा डोंगर येतो. संत तुकाराम महाराजांच्या चिंतनाची स्थाने म्हणून वारकरी परंपरेत पूज्य असलेल्या या दोन्ही डोंगरांवर त्यांच्या काळाहून कितीतरी जुनी लेणी आहेत, म्हणजेच एकांतासाठी ही जागा अनेक शतके निवडली जात होती. तेथून देहूला उतरावे, आणि वेळ उरल्यास इंद्रायणीच्या प्रवाहाच्या दिशेने आळंदीला जाऊन १२९६ साली संत ज्ञानेश्वरांनी जेथे समाधी घेतली त्या स्थानाचे दर्शन घ्यावे. पवनाकाठचे मोरया गोसावींचे समाधिमंदिर आणि चापेकर बंधूंच्या स्मृती जपणारा चिंचवडचा वाडा यांसाठी दुसऱ्या एखाद्या दिवशीची संध्याकाळ पुरते.

दुसरी सहल इंद्रायणीच्या वरच्या खोऱ्यातील असून ती लोणावळा लोकलने करणे सर्वांत सोयीचे आहे, कारण पिंपरी, चिंचवड किंवा आकुर्डी येथे गाडीत बसून मळवलीला उतरले की एका बाजूस भाजे, लोहगड व विसापूर आणि दुसऱ्या बाजूस कार्ले अशी मांडणी समोर येते. भाजे व कार्ले या दोन्ही लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्यामुळे तेथे दुपारनंतर प्रकाश आत शिरतो, म्हणून सकाळच्या गारव्यात लोहगड चढावा आणि उतरताना दुपारी भाजे पाहावे, असा क्रम लाभदायक ठरतो. लोहगडाच्या वळणावळणाच्या चढणीवर एकामागून एक चार दरवाजे येतात, त्यामुळे हल्लेखोर प्रत्येक वळणावर वरच्या तटाच्या माऱ्यात सापडत असे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत मिळवला. २०२५ च्या जुलैमध्ये पॅरिस येथील बैठकीत जागतिक वारसा समितीने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या १२ किल्ल्यांना मान्यता दिली, त्यांत लोहगड आणि शिवनेरी या दोहोंचा समावेश आहे.

भाजे येथील चैत्यगृह, म्हणजे स्तूपासमोर सामुदायिक उपासना करण्याचे दालन, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याचे साधे अष्टकोनी खांब किंचित आत झुकलेले आहेत; लाकडी बांधकामात छताचा भार पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवत आणि त्याच सवयीने कारागिरांनी दगडातही तसेच खांब कोरले. भारतातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह असलेल्या कार्ल्याला खांब सरळ उभे असून त्यांवर प्राण्यांवर आरूढ झालेल्या जोडप्यांची शिल्पे आहेत, आणि छताला लावलेल्या प्राचीन लाकडी कमानी आजही टिकून आहेत. या दोहोंमधला टप्पा दाखवणारे बेडसे लेणे कामशेतच्या बाजूने गाठावे लागते आणि त्याचे तोंड पूर्वेला असल्यामुळे ते सकाळीच पाहावे. भाजे, बेडसे आणि कार्ले या क्रमाने तीन वेगवेगळ्या सुट्ट्यांना गेलेल्या प्रवाशाला पश्चिम भारतातील लेणीस्थापत्याची वाढ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते. एकाच दिवशी तिन्ही उरकण्याच्या घाईत ती हाती लागत नाही.

तिसरी सहल पुणे-नाशिक महामार्गाने जुन्नरची असून तिच्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. वाटेत राजगुरुनगर येथे हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे जन्मस्थान आहे. जुन्नरला पोहोचताच सकाळी सात दरवाजांच्या वाटेने शिवनेरी चढावा, १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला ते स्थान आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहावीत, आणि दुपारी कुकडीच्या खोऱ्याकडे तोंड करून असलेल्या दक्षिणाभिमुख लेण्याद्रीला जावे. तेथील बौद्ध लेण्यांपैकी एका विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेल्या दालनात, अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. नाणेघाट त्याच दिवशी जोडण्याचा मोह टाळावा. सातवाहन राणी नागनिका हिच्याशी संबंधित मानला जाणारा यज्ञांचा व दानांचा शिलालेख आणि परंपरेने जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण यांसाठी स्वतंत्र दिवस देणे योग्य होय.

आखणी करताना पंचांगही जवळ असावे. तुकाराम बीजेला देहूत, पालखी प्रस्थानाला देहू-आळंदीत, कार्तिकी वारीला आळंदीत, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा देवीपाशी आणि संकष्टीला लेण्याद्रीला मोठी गर्दी होते. त्या दिवशी जायचे तर यात्रेकरू म्हणूनच जावे, स्थापत्य पाहण्यासाठी दुसरा दिवस निवडावा. पावसाळ्यात मावळ अत्यंत रमणीय असतो. परंतु शेवाळलेले कडे, धुके आणि अचानक वाढणारे प्रवाह यांमुळे तो तितकाच धोक्याचाही होतो. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचे प्राण गेले, ही घटना कोणीही विसरू नये. पावसाच्या दिवसांत नदीपात्र व धबधबे वगळून लेण्यांना व मंदिरांना जावे आणि दूरवर चालण्याच्या सहली कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत राखून ठेवाव्यात.

अशा आखणीचा लाभ केवळ विरंगुळ्यापुरता नाही. विदर्भ, मराठवाडा किंवा परप्रांतातून येथे आलेल्या कुटुंबातील मुलांना ज्या खोऱ्यात ती वाढत आहेत त्याचा इतिहास शाळेच्या पुस्तकाबरोबर पायांनीही कळतो, आणि ज्यांना तो कळतो त्यांच्या हातून लेण्यांच्या भिंतींवर नावे खरडली जात नाहीत किंवा किल्ल्यांवर कचरा पडत नाही. लोहगड आणि शिवनेरी यांना जगाची मान्यता मिळाली आहे. परंतु संग्रामदुर्गाचा उरलेला तट आणि भामचंद्राची लेणी वाढत्या वस्तीपासून व कारखान्यांच्या विस्तारापासून राखण्याचे काम जवळ राहणाऱ्या नागरिकांच्या आस्थेवरच अवलंबून राहणार आहे, आणि ती आस्था निर्माण करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे साप्ताहिक सुट्टीचा एक दिवस त्या स्थळांना देऊन ती नीट समजून घेणे हा होय.