मंगोलियाचे बोर्ट्स आणि आपल्या चान्या
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



बौद्ध देश म्हटलं की आपल्याला श्रीलंका, थायलंड, जपान आठवतात. मंगोलिया म्हटलं की पोरं फक्त चंगीझखानाचं नाव सांगतात. पण तोही बौद्धांचाच देश. 1930 च्या दशकात तिथल्या राजवटीने शेकडो मठ उद्ध्वस्त केले, हजारो लामांना ठार मारले. 1990 नंतर धम्म पुन्हा उघडपणे सुरू झाला. त्यात आपल्या लडाखचे कुशोक बकुला रिंपोचे यांचा मोठा वाटा आहे. 1990 ते 2000 ते तिथे भारताचे राजदूत होते.

आज आम्हाला बोलायचं आहे ते मात्र तिथल्या चुलीबद्दल. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली तीस अंशांवर उतरतो. भाजीपाला कुठून आणणार? मग ते लोक मांसाच्या लांब पट्ट्या कापतात आणि तंबूच्या छताखाली दोरीवर टांगून महिनाभर सुकवतात. लाकडासारखं कडक झालेलं ते मांस म्हणजे बोर्ट्स. लागेल तेव्हा कुटायचं, पाण्यात उकळायचं, की झाला रस्सा. एका अख्ख्या जनावराचं मांस छोट्याशा पिशवीत मावतं म्हणतात.

हे आम्ही मोठ्याने वाचत होतो, तर शेजारच्या आजी पटकन बोलल्या, "अगं बाई, ह्या तर आपल्या चान्या!" सून लगेच म्हणाली, "हळू बोला."

बंधूंनो, या 'हळू बोला'साठीच आम्ही हा विषय घेतला.

मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागू नका, असं बजावलं. आपल्या माणसांनी ते सोडलं, आणि योग्यच केलं. ती लाचारी होती. पण मांस उन्हात वाळवून गाडग्यात जपायचं, तेलाचा थेंब नसताना कालवण चवदार करायचं, ही लाचारी नव्हे, हे ज्ञान होतं. आम्हाला वाटतं, लाचारी टाकताना आपण ज्ञानही लपवलं. (2015 पासून राज्यात गोवंशहत्या पूर्ण बंद आहे, तेव्हा जुन्या चान्या तशाच करा असं आम्ही सांगत नाही.) शाहू पाटोळे यांनी हेच सगळं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात 2015 साली मांडलं. 2024 मध्ये ते इंग्रजीतही आलं. घरात जे दबक्या आवाजात बोललं जातं, ते आता जग वाचतंय.

हस्तकलेचंही तेच. मंगोल लोक लोकर काठ्यांनी झोडपतात, भिजवतात, गुंडाळी करून घोड्यामागे ओढतात. त्यातून नमदा तयार होतो आणि तोच तंबूवर चढतो. या तंबूच्या कारागिरीला 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. 2019 मध्ये कातडी पिशवीत घोडीचं दूध आंबवण्याच्या पद्धतीलाही मिळाली. कातडी पिशवीला, बरं का!

आणि आपल्याकडे? कोकणात आपल्या बाया बांबूची आयदानं विणायच्या. उर्मिला पवारांनी 2003 साली आपल्या आत्मचरित्राला नावच 'आयदान' दिलं. घायपात सडवून वाख काढायचा, वाखाची दोरी वळायची, हे काम मातंग बांधवांच्या हातचं. आमच्या गावाच्या नावासारखी ऐकू येणारी अंबाडी तर दोन्हीकडची: पाल्याची भाजी, ती ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, आणि सालीचा दोर. जुन्या लुगड्यांची वाकळ तर घराघरात होती. आज कंपनीच्या पगारात ब्लँकेट येतं, ते यावंच. पण वाकळीचा टाका कसा धरायचा, हे किती मुलींना येतं?

म्हणून विहाराच्या कपाटात एक वही ठेवली आहे. रविवारी वंदनेनंतर ज्येष्ठांनी सांगायचं, मुलांनी लिहायचं. मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथून आलेली कुटुंबं आपल्या वस्तीत आहेत, त्यामुळे एकाच पदार्थाला तीन नावं निघतील. तिन्ही लिहा. कुणाकडे जुनं सूप, टोपली, वाकळ असेल तर दाखवायला आणा, परत मिळेल. पहिल्या पानावर अंबाडीची भाजी उतरवली आहे. दुसऱ्या पानासाठी आजींनी चान्यांची कृती सांगायचं कबूल केलंय, आणि लिहून घेणार आहे त्यांची सूनच.

नमो बुद्धाय, जयभीम.