यंत्राशी हुकुमाची भाषा



संगणकात नवे सॉफ्टवेअर बसवायचे म्हणजे पडद्यावरील एका चित्रावर बोट दाबायचे, अशी आपली समजूत आहे. काय आले, कोठून आले, त्याच्यासंगे आणखी कोण घरात शिरले, याची चौकशी आपण करीत नाही. लग्नपत्रिका म्हणून फोनवर आलेली फाइल उघडली आणि बँकेतील पैसे गेले, अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. तेथेही घडते ते एवढेच: एक पॅकेज बसते, आणि बसवणारे आपणच असतो.

याहून जुनी आणि मला अधिक सभ्य वाटणारी एक रीत आहे. यंत्राला अक्षरांनी हुकूम लिहून द्यायचा. इयन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीत त्यासाठी ‘ॲप्ट’ नावाचा कारभारी आहे. समजा, वाचनालयातील जुन्या मराठी पुस्तकांची छायाचित्रे घेऊन त्यांतील मजकूर आपल्याला अक्षररूपात हवा आहे. ते काम ‘टेसरॅक्ट’ करतो. हुकूम असा: ‘सूडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार’. पहिला शब्द मालकाचा अधिकार मागतो, म्हणून तो जपून वापरावा. शेवटचे ‘मार’ म्हणजे मारझोड नव्हे, मराठी!

विहिरीवर मोटार बसवायची तर स्टार्टर, केबल, पाइप हेही लागतात. त्यांपैकी एक राहिले की दौंडला पुन्हा खेप. कारभारी ही खेप वाचवतो. चित्र वाचणारे ‘लेप्टोनिका’ आणि असे इतर साहित्य तो स्वतःच शोधतो, त्याची यादी पडद्यावर मांडतो, किती जागा लागेल ते सांगतो आणि विचारतो, पुढे जाऊ का? उत्तरासाठी ‘वाय’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे असतात. त्यांत ‘वाय’ मोठ्या लिपीत. म्हणजे काही न लिहिता नुसती एंटरची कळ दाबली तरी होकार धरला जातो. आपले बोट नेमके तेथेच घाई करते.

माल भांडारातून येतो. भांडाराच्या सूचीवर डिजिटल सही असते आणि प्रत्येक पॅकेज त्या सूचीशी ताडून पाहिले जाते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला चिठ्ठी असते, तसेच हे. परंतु पिशवीत मूळचेच किडके बी भरले असेल तर चिठ्ठी काय करणार? २०२४ च्या मार्चमध्ये तसे घडले. ‘एक्सझेड’ या बारीकशा पॅकेजात, दोन वर्षे राबून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने चोरदरवाजा ठेवला होता. आंद्रेस फ्रॉइंड यांना संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागल्याचे खटकले, म्हणून ते उघडकीस आले. डेबियनच्या चाचणीच्या भांडारांत तो माल पोचला होता. स्थिर भांडारात नव्हता. उसाची नवी जात प्रथम एका सरीत लावून पाहणाऱ्या शेतकऱ्याला यातील मर्म मी काय सांगावे!

‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पहिल्याने केवळ सूची ताजी होते, दुसऱ्याने माल बदलतो. विंडोजवाल्यांनी हिरमुसू नये. त्यांच्याकडे ‘विंगेट’ आहे.

काढून टाकण्याचेही असेच. ‘रिमूव्ह’ने पॅकेज जाते, पण त्याच्या मांडणीच्या फाइली मागे राहतात; ‘पर्ज’ने त्याही जातात. संगे आलेले आणि आता कोणाच्याच कामाचे नसलेले साहित्य ‘ऑटोरिमूव्ह’ झाडून नेते. त्यापूर्वी पुन्हा यादी आणि पुन्हा तोच प्रश्न. यादीत आपल्या नित्याच्या उपयोगाचे नाव दिसले तर ‘एन’ म्हणावे आणि ‘सूडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ लिहून पुढे ते नाव घालावे. मग पुढल्या झाडलोटीत त्याला कोणी हात लावीत नाही.