औषधाची स्वस्ताई आणि औषधाचा भरवसा

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी औषधनिर्माण क्षेत्रातील एका निवृत्त रसायनतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. वसई रोड स्थानकावर सकाळची गाडी पकडायची, बोईसरला उतरायचे आणि तारापूर औद्योगिक वसाहतीतील प्रयोगशाळेत दिवस घालवायचा, हा माझा तीसेक वर्षांचा नेम. नवे औषध शोधण्याचे काम माझ्याकडे कधीच नव्हते. शोधलेले औषध कारखान्यात मोठ्या प्रमाणावर आणि प्रत्येक वेळी तसेच्या तसे बनावे, यासाठी त्याची रीत बसवणे, हे माझे काम. आमच्या व्यवसायात त्याला 'प्रोसेस डेव्हलपमेंट' म्हणतात. आपण त्याला निर्मितिप्रक्रियेचा विकास म्हणू.

मघाशी आपल्या औषधविभागापाशी उभा असताना एका आजींनी मला विचारले, "बाहेर दुप्पट पैसे पडतात ती गोळी इथं निम्म्यात मिळते. ती तेवढीच चांगली असेल ना हो?" मी त्यांना "हो" म्हणालो. ते 'हो' कशाच्या बळावर म्हणालो, हे आज आपल्यापुढे मांडावे, असे वाटते.

आपल्या वसईची सुकेळी सर्वांना ठाऊक आहेत. राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात सुकवायची, रात्री झाकून ठेवायची. ऊन कमी पडले तर बुरशी धरते, जास्त झाले तर चामडे होते. डझनभर केळी घरच्या अंगणात कोणीही सुकवील. पण हजार केळी एकसारखी उतरवायची तर ऊन, वारा, पातळ-जाड फळ या सर्वांचा अंदाज असलेला जाणता हातच लागतो. औषधाचेही तसेच आहे. प्रयोगशाळेतील काचेच्या चंबूत जे द्रावण वीस मिनिटांत ओतून होते, तेच कारखान्याच्या मोठ्या भांड्यात ओतायला तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ आतील पदार्थ तापत राहतो आणि चंबूत कधी न दिसलेली अशुद्धी तेथे तयार होते. प्रमाण वाढले की पदार्थाचा स्वभाव बदलतो. तो आधीच ओळखून तापमान, वेळ, ढवळण्याचा वेग यांच्या मर्यादा ठरवून देणे, हे आमचे काम.

आपण म्हणाल, शेवटी तपासणी होतेच ना? यासाठी एक साधा हिशेब करू. थायरॉइडच्या विकारावरील लेव्होथायरॉक्सिनची गोळी अनेक घरांत असते. समजा, गोळीचे वजन १०० मिलिग्रॅम आहे आणि तीत औषध आहे २५ मायक्रोग्रॅम. म्हणजे चार हजार भागांत एक भाग औषध, बाकी सारी पूड. अशा दहा लाख गोळ्यांसाठी १०० किलो मिश्रण लागते आणि त्यात औषध असते अवघे २५ ग्रॅम. हे २५ ग्रॅम शंभर किलोंत सारखे पसरले पाहिजेत. शेवटच्या तपासणीत प्रत्येक गोळीतील औषध मोजण्यासाठी घेतात दहा गोळ्या; शंका आली तर आणखी वीस. दहा लाखांतील तीस गोळ्या उरलेल्यांची ग्वाही कशी देणार? ती ग्वाही मिश्रणाची रीतच देऊ शकते. ढवळणे कमी पडले तर औषध सारखे पसरत नाही. उलट गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात ती मॅग्नेशियम स्टिअरेटची पूड घातल्यावर फार वेळ ढवळले, तर गोळी पोटात उशिरा विरघळते. म्हणूनच गुणवत्ता तपासून औषधात घालता येत नाही, ती बनवतानाच उतरावी लागते, असे आमच्या क्षेत्रात मानले जाते.

आता किमतीकडे वळतो. औषध स्वस्त होण्याचे दोन मार्ग आहेत, आणि आजींच्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंतील फरकात आहे.

पहिला मार्ग रीत सुधारण्याचा. पेनिसिलिन हाती आले तेव्हा बुरशीतून त्याचा अंश मोठ्या कष्टाने मिळत असे. पुढे अधिक उत्पन्न देणारी बुरशी सापडली, तिला मक्याच्या स्टार्च-उद्योगातील उरलेला अर्क मानवला, मोठ्या टाक्यांत हवा खेळवून ती वाढवण्याची युक्ती साधली, आणि राजामहाराजांना दुर्मिळ असलेले औषध गावच्या दवाखान्यात पोहोचले. आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता ते केवळ निर्मितीच्या रीतीवर देण्याचे धोरण स्वीकारले. तेच औषध नव्या रीतीने बनवण्याची वाट खुली झाली आणि आमच्या रसायनतज्ज्ञांच्या दोन पिढ्या त्या वाटेवर घडल्या. २००५ पासून पदार्थावरही पेटंट मिळू लागले. पण तोवर हात तयार झाले होते. २००१ साली मुंबईच्या 'सिप्ला'ने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरांहून अधिक पडत होते. ही स्वस्ताई विद्येची आहे. तिच्याबद्दल संकोच वाटण्याचे कारण नाही.

रीत सुधारली की कचराही कमी होतो. आयबुप्रोफेन हे अंगदुखीवरील ओळखीचे औषध. त्याची जुनी रीत सहा टप्प्यांची होती आणि घातलेल्या द्रव्यांपैकी निम्म्याहून कमी भागच औषधात उतरत असे. १९९० च्या दशकात तीन टप्प्यांची नवी रीत आली आणि हे प्रमाण पाऊणाच्या पुढे गेले. ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची आहे. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. ज्या कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळी येईनाशी झाली, त्यांच्यापैकी काही आपल्याच रुग्णालयात उपचार घेतात. एकाचे औषध बनवताना दुसरा आजारी पडू नये, हेही प्रक्रियाविकासाचेच कार्य आहे.

दुसरा मार्ग पायरी गाळण्याचा. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकोल हे मूत्रपिंड निकामी करणारे द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा पुरवठादार, औषध प्रशासन आणि रुग्णालयाची खरेदी, सर्वत्र ढिलाई आढळली. याच द्रव्याने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते. आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली, तेव्हाही तेच द्रव्य सापडले. मान्य मर्यादा ०.१ टक्का, त्या औषधात ते ४८ टक्क्यांहून अधिक होते. हे द्रव्य ओळखण्याची चाचणी नवी नाही, दुर्मिळही नाही. कच्च्या मालाचे पिंप उघडताना ती झाली असती, तर औषध बनलेच नसते. पायरी गाळून काही पैसे वाचले. किंमत मुलांच्या आईबापांनी मोजली.

येथे माझा एक अनुभव सांगतो. त्या कारखान्याचे नाव घेत नाही. एका सकाळी पाळी बदलताना रात्रपाळीचा ऑपरेटर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, लिहिलंय पंचेचाळीस मिनिटं, पण फिरलंय तीसच. मध्ये लाइट गेली होती." पुढची पाळी येण्यापूर्वी काम उरकावे, म्हणून त्याने नोंद पूर्ण केली होती. तपासणीचे नमुने उत्तीर्ण झाले होते, माल पाठवायची घाई होती. आम्ही माल अडवला. पिंपाच्या तळापासून वरपर्यंत नमुने घेतले, तेव्हा तळाकडे औषध जास्त आणि वर कमी आढळले. सारा माल नष्ट करावा लागला. व्यवस्थापनातील काहींना त्या माणसाला काढून टाकावेसे वाटले. मी म्हटले, याला काढले तर उद्या दुसरा कोणी सांगायला येणार नाही. दोष रीतीतही होता. ढवळणे पुरे झाले नसतानाही पुढचा टप्पा सुरू होऊ शकत होता आणि नोंद हाताने लिहिली जात होती. आम्ही यंत्राला अशी कळ बसवली, की ठरलेली मिनिटे खरोखर भरल्याखेरीज झडप उघडणार नाही. तो माणूस पुढे अनेक वर्षे तेथे होता. त्याने ते सांगितले नसते तर ती गोळी कोणाच्या पोटात गेली असती, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने औषधनिर्मितीच्या नियमांतील 'शेड्यूल एम' सुधारले. जोखमीचा आधीच विचार करणे, प्रत्येक उत्पादनाचा नियमित आढावा घेणे, या गोष्टी त्यात आल्या. ज्या लघु व मध्यम कारखान्यांनी सुधारणेचा आराखडा सादर केला, त्यांना २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली होती. त्यांच्यापुढील खर्चाची अडचण खरी आहे, हे मी जवळून पाहिले आहे. पण नियमाइतकाच खरेदीदाराचा आग्रहही कारखान्याला घडवतो. म्हणून आपणांस माझ्या काही विनंत्या आहेत.

विश्वस्तांना विनंती, की औषधखरेदीत सर्वांत कमी दर हा एकमेव निकष ठेवू नये. दर इतरांहून फारच खाली असेल तर तो का, हे विचारावे. उत्पादकाचा परवाना आणि प्रत्येक बॅचचा तपासणी-अहवाल मागावा, आणि अधूनमधून एखादा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्वतः पाठवावा. देणगीदारांना विनंती, की या तपासणीच्या खर्चालाही आपल्या दानात स्थान द्यावे. त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. पण ज्या रुग्णाला काहीच झाले नाही, तो त्या दानाचा लाभार्थी असतो. कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या पावतीवर बॅच क्रमांक लिहावा, म्हणजे दोष आढळल्यास औषध कोणाकोणाकडे गेले हे त्याच दिवशी कळेल. आणि नातेवाइकांनो, औषधाने विपरीत काही जाणवले तर ते डॉक्टरांना तत्काळ सांगा. वेष्टन टाकून देऊ नका. अशा नोंदींसाठी देशात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे.

आजींना मी "हो" म्हणालो, कारण आपल्या औषधविभागात पुरवठादारांची कागदपत्रे मला नीट लावलेली दिसली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारले तर उत्तर तेच राहावे, ही जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.